अक्षर नसलेल्या बाटल्या

"ताई, हे दूध कुणाचं?"

खिडकीपलीकडच्या माणसानं बाटली अजून हातात घेतली नव्हती. आत काहीतरी पोहत असावं तसा तो तिच्याकडे वाकून बघत होता.

"आईचं," ईश्वरी म्हणाली.

पाच वर्षं ती या दूधपेढीत तंत्रज्ञ होती आणि पाच वर्षं तिचं हेच उत्तर होतं. पूर्वी ते ऐकून लोक हसायचे, बाटली घ्यायचे आणि नवजात कक्षाकडे पळायचे.

"आईचंच ओ. म्हशीचं देताय असं म्हटलंय का मी? कुठल्या बाजूच्या आईचं?"

तिनं बाटली फिरवली. चिठ्ठीवर निळ्या शाईत 'ह' होता. माणसाचे खांदे सैल झाले. त्यानं बाटली रुमालात गुंडाळली, दोन पावलं गेला आणि परत आला.

"हे अक्षर कोण घालतं?"

"मी."

"आणि तुम्ही कुठल्या?"

"पुढचे कोण आहेत?" ईश्वरीनं त्याच्या खांद्यावरून पाहत विचारलं. मागे कुणीच नव्हतं. तो माणूस तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला. हल्ली सगळेच एकमेकांच्या डोळ्यांकडे बघत, आणि त्यात प्रेमाचा भाग नसे.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. सांगली जिल्ह्यातून, पलीकडे कर्नाटकातूनही अडलेल्या बाळंतिणी इथंच येतात आणि दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं इथंच काचेच्या पेटीत वाढतात. अशा बाळांची आतडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी नाजूक असतात. पावडरचं दूध त्यांना पचेलच असं नाही. कधी आतडी सुजतात, कधी फाटतात. म्हणून ज्यांच्या आईला दूध नाही, त्यांच्यासाठी दुसऱ्या आया आपलं जास्तीचं दूध देतात. चार-पाच जणींचं दूध एका मोठ्या भांड्यात एकत्र करायचं, साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवायचं, झटकन गार करायचं, त्यातले काही थेंब जंतुतपासणीला पाठवायचे आणि अहवाल स्वच्छ आला की गोठवून ठेवायचं. एकीच्या दुधात जे कमी असतं ते दुसरीच्या दुधात भरून निघतं, म्हणून हे एकत्र करणं. ईश्वरीला कामातला हाच भाग सगळ्यात आवडायचा. जतची, कुपवाडची, शिरोळची, कुठलीही असो, त्या भांड्यात पडली की ती कोण होती ते देवालाही सांगता आलं नसतं.

मग चैत्रात सार्वमत झालं.

प्रश्न एका ओळीचा होता. देशातल्या सगळ्या नद्या, धरणं आणि विहिरी एका राष्ट्रीय जलमंडळाच्या ताब्यात द्याव्यात का? हो किंवा नाही. नदीकाठच्यांना वाटलं, आपल्या दारातलं पाणी नेणार ते नेणारच, वर धरणाचे दरवाजे कधी उघडायचे हे दिल्लीत बसून ठरवणार आणि आपण छपरावर बसून होडीची वाट बघणार. दुष्काळी पट्ट्याला वाटलं, एकदा तरी नळ सोडल्यावर पाणी येईल. दोघांचंही खोटं नव्हतं. निकाल लागला: हो, पन्नास पूर्णांक चार टक्के. एवढ्याशा फरकानं जिंकलेल्यांना जिंकल्यासारखं वाटलं नाही आणि हरलेल्यांना हरल्यासारखं. ठरलेली लग्नं मोडली. सोसायट्यांनी पाण्याच्या टाक्यांना कुलपं लावली. कालव्याच्या दारांवर माणसं बसू लागली.

तरीही मत गुप्त होतं. कुणी काय केलं हे ज्याचं त्याला माहीत. ही शेवटची भिंत 'बाहुली'नं पाडली.

बाहुली म्हणजे फोनमधलं एक ॲप. डोळ्यातली काळी बाहुली उजेडात आकसते आणि अंधारात फुलते, हे शाळेतली पोरंही सांगतील. पण उजेड तेवढाच असताना मनाला भिडणारं काही समोर आलं तरी ती फुलते, दोन-तीन केसांच्या जाडीएवढी, सेकंदाच्या आत. हसू दाबता येतं, आवाज सांभाळता येतो. बाहुलीचे स्नायू मात्र मेंदूच्या अशा भागाकडून हुकूम घेतात, जो आपल्याला विचारून काहीच करत नाही. पूर्वी हे मोजायला प्रयोगशाळा लागायची. आता फोनचे कॅमेरे सेकंदाला अडीचशे चित्रं टिपत होते. ॲप तुमच्यापुढे भराभर फुलं, डोंगर, भांडीकुंडी सरकवायचं आणि मध्येच मतपत्रिकेवरच्या दोन खुणा, 'हो'चं निळं वर्तुळ आणि 'नाही'चा विटकरी चौकोन. ज्या खुणेला बाहुली जास्त फुलली तो तुमचा कौल. शंभरातले एक्याऐंशी बरोबर येतात, असं बनवणारे सांगत. उरलेल्या एकोणिसांचं काय, हे कुणी विचारलं नाही. 'बाहुली दाखव' हा शब्द चहाच्या टपरीपासून मुलगी बघायच्या कार्यक्रमापर्यंत सगळीकडे पोचला.

आषाढात कुणीतरी दूधपेढीच्या खिडकीची काच फोडली. 'आमच्या बाळाला त्यांचं दूध पाजलं' अशी तक्रार होती. विश्वस्तांनी घाईघाईनं ठराव केला: दोन फ्रीझर, दोन अक्षरं. दूध देणाऱ्या प्रत्येकीची बाहुली बघायची, 'ह' आणि 'न' वेगळे ठेवायचे. आयांना तपासायचा फोन ईश्वरीच्याच हातात दिला. तिला स्वतःला कुणी तपासलं नाही. ती दूध देत नव्हती, नुसतं तापवत होती.

* * *

ईश्वरीचं सासर नदीकाठचं. सासूला ती तिकडच्या पद्धतीनं आत्या म्हणे. आत्यांच्या घरात दोनदा माळ्यापर्यंत पाणी चढलेलं, म्हणून नवरा प्रणव आणि झाडून सगळं घर 'नाही'वालं. ईश्वरीचं माहेर जतच्याही पुढचं, कुसळांच्या माळावरचं. मतदानाच्या दिवशी सगळे एकाच गाडीतून गेले होते. परतताना प्रणव म्हणाला, "चला, पाच मतं पक्की," आणि ईश्वरी खिडकीबाहेर बघत गप्प राहिली. ती खोटं बोलली नव्हती. पण ते गप्प बसणं महिन्यामहिन्यानं जड होत गेलं.

घरात सगळ्यांनी हसतखेळत बाहुली दाखवली, तेव्हा ती बाळाला पाजत होती. आठ महिन्यांची ओवी त्या दिवशी मुद्दाम घ्यावा तसा वेळ घेत होती. आत्यांना तर कुणी विचारलंच नाही. आत्यांवर संशय कोण घेणार?

आणि मग केतकी, प्रणवची धाकटी बहीण, एकोणतिसाव्या आठवड्यातच बाळंत झाली.

केतकीचा नवरा विक्रांत 'नाही'वाल्यांचा तालुक्यातला पुढारी. तीन आठवड्यांपूर्वी कालव्याजवळ निळ्या वर्तुळांचे झेंडे घेतलेल्या जमावानं त्याची जीप अडवली होती. मागे केतकी आणि आत्या बसल्या होत्या. कुणी हात लावला नाही, पण अर्धा तास बोनेटवर काठ्या वाजत होत्या. त्यानंतर केतकीचा रक्तदाब चढला तो उतरलाच नाही. मुलगी जन्मली तेव्हा अकराशे ग्रॅमची होती, प्रणवच्या पंजात मावेल एवढी. केतकीला दूध उतरत नव्हतं.

"त्या निळ्यांनी माझी पोर वेळेआधी बाहेर काढली," विक्रांत पहिल्याच दिवशी दूधपेढीत येऊन म्हणाला. आवाज मोठा नव्हता, उलट फार हळू होता. "त्यांचा एक थेंब तिच्या पोटात जायचा नाही. वहिनी, तुम्ही इथं आहात म्हणून मी निर्धास्त आहे."

'न'च्या फ्रीझरमध्ये तेव्हा पंधरा बाटल्या होत्या. दूध देणाऱ्या तिघी होत्या. आठवड्यात एकीला ताप आला. दुसरी आली ती रिकाम्या हातानं.

"सासूबाई नको म्हणतात," ती दारातूनच म्हणाली. "इथली एक बाई आतून 'हो'वाली आहे म्हणे. दुधात कायबाय करते. मी म्हणत नाही हं ताई, लोक म्हणतात."

"कोण बाई?"

"ते नाही कळलं," ती म्हणाली आणि ईश्वरीच्या डोळ्यांकडे बघून पटकन निघून गेली.

तिसरी त्यानंतर आलीच नाही. फोनही उचलेना.

ईश्वरी फ्रीझर उघडून उभी राहिली. सात बाटल्या. थंडीचा धूर तिच्या मनगटांवरून खाली उतरत होता. आपल्या एका न बोललेल्या गोष्टीमुळे हा कप्पा रिकामा होतोय, असं तिला वाटलं. ही बातमी कुणी पेरली असेल? फरशी पुसणाऱ्या मालनमावशी हल्ली ती आली की बोलणं थांबवत. खालचा रखवालदार? की घरातलंच कुणी?

त्या दुपारी तिनं दार लावून स्वतःचं दूध काढलं. ओवीचं पोट भरून उरेल एवढं तिला होतं. रक्ताच्या तपासण्या बाळंतपणात झालेल्या होत्या आणि कामाच्या नियमानं पुन्हाही. तिनं सगळं पद्धतशीर केलं: तापवलं, गार केलं, थेंब तपासणीला पाठवले, चिठ्ठी चिकटवली. तारीख लिहिली, क्रमांक लिहिला. अक्षराची जागा कोरी ठेवली. चार दिवसांत अशा चार बाटल्या झाल्या. त्या तिनं दोन्ही फ्रीझरमध्ये न ठेवता लसींच्या जुन्या गोठणपेटीत ठेवल्या.

* * *

रविवारी सकाळी ती ओवीला तेल लावत बसली होती. प्रणव शेजारी येऊन टेकला. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्याचं असं मुद्दाम शेजारी येऊन बसणं तिला अजून आवडायचं.

"हे बघ ना," तो फोन पुढे करत म्हणाला. "ओवीला फ्रॉक घ्यायचाय. कुठला छान आहे सांग."

पडद्यावर एक फुलांचा फ्रॉक आला. मग पिवळा. मग पांढऱ्यावर निळी वर्तुळं. फोन जरा जास्तच जवळ होता.

ईश्वरीनं डोळे मिटून घेतले.

तेलाचा हात तसाच ओवीच्या पोटावर होता. ओवी पाय झाडत हसत होती.

"पुढचा चौकोनांचा असेल ना?" ईश्वरी मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली. "विटकरी."

प्रणवनं फोन खाली ठेवला.

"कुणी सांगितलं हे करायला? आत्यांनी?"

"आईचं नाव नको घेऊ. विक्रांतनं पाठवलं. म्हणाला, नुसतं दाखव, तिला कळणारही नाही." मग एकदम, "तू नुसतं सांग ना मला, ईशू! काय केलंस ते सांग, मी हा फोन आत्ता फेकून देतो."

"सांगितलं तर विश्वास ठेवशील? का मग पुन्हा फ्रॉक दाखवशील?"

तिनं डोळे उघडले तेव्हा तो खिडकीशी पाठमोरा उभा होता. ओवीनं फोन ओढून तोंडात घातला होता. ईश्वरीनं तो काढून घेतला, पदरानं पुसला आणि पालथा ठेवला. तिला राग यायला हवा होता. पण तिच्या मनात आलं, हा त्यांनी सांगितलं म्हणून आला, की त्याला स्वतःलाच बघायचं होतं? हे ओळखायचं कुठलं ॲप तिच्याकडे नव्हतं.

* * *

"यंत्र खोटं बोलत नाही," डॉक्टर मुजावर मॅडम म्हणाल्या. नवजात कक्षाच्या त्या प्रमुख, बोलायला तुटक. "आपण त्याला चुकीचं विचारतोय. बाहुली फुलते म्हणजे काय? मेंदू दचकला. प्रेमानं दचकला, भीतीनं दचकला की रागानं, ते तिला कळत नाही. अगं, सतरा गुणिले तेवीस किती, असं विचारलं तरी फुलते. डोक्याला ताण पडला की झालं."

"मग हे विश्वस्तांना का सांगत नाही, मॅडम?"

"दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माझीच बाहुली बघायला मागितली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "केतकीच्या बाळाचं काय? 'न' किती उरलंय?"

"उद्या दुपारपर्यंत."

"मग चारच्या फीडपासून पावडर. मला आवडत नाही, पण उपाशी ठेवता येत नाही. काल पोट जरा फुगलं होतं तिचं." त्या थांबल्या. "त्या गोठणपेटीतल्या चार बाटल्यांचे अहवाल स्वच्छ आलेत. माझ्या टेबलावरून गेले. आई सही करेल तर मी ते दूध देईन. अक्षर-बिक्षर तुझं तू बघ."

ईश्वरीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मॅडमना कधीपासून माहीत होतं? आणि सतरा तेवीसची गोष्ट त्यांनी बोलता बोलता सांगितली, की मुद्दाम? मदत म्हणून, की ती काय करते ते बघायला?

संध्याकाळभर पोळ्या लाटताना ती मनातल्या मनात गुणाकार करत होती. सतरा विसा तीनशे चाळीस. सतरा त्रिक एक्कावन्न. तीनशे एक्याण्णव. चौकोन दिसला की सुरू करायचं, वर्तुळ दिसलं की मन कोरं ठेवायचं. एवढंच तर करायचं होतं.

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीन वाजता सगळे नवजात कक्षाबाहेरच्या आयांच्या खोलीत जमले होते. केतकी चाकाच्या खुर्चीत, सुजलेल्या पायांवर शाल. आत्या तिच्या मागे उभ्या. प्रणवच्या कडेवर ओवी. विक्रांत दाराशी.

"पावडर नको," केतकी रडत म्हणत होती. "मी वाचलंय सगळं त्याच्याबद्दल. विक्रांत, कुणीतरी बघ ना!"

"सकाळपासून चाळीस फोन केले! एक बाई यायला तयार नाही. पेढीवर विश्वास नाही म्हणतात."

"दूध आहे," ईश्वरी म्हणाली. "चार बाटल्या. तपासलेलं. माझं आहे."

केतकीचा चेहरा असा उजळला की ईश्वरीला तिच्याकडे बघवेना. "वहिनी! अगं मग बोलायचं नाही का!"

विक्रांतनंही श्वास सोडला. "देवासारख्या आलात बघा." मग त्याचा हात खिशाकडे गेला. जरा ओशाळूनच गेला. "राग मानू नका, वहिनी. नियम तुमच्याच पेढीचा आहे. एकदा बाहुली दाखवा, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. तुमच्याबद्दल लोक काय काय बोलतात ते मी खोडून काढलंय इतके दिवस."

"दाखव ना पटकन," केतकी म्हणाली. "चार वाजत आले."

प्रणव जमिनीकडे बघत होता.

ईश्वरी फोनसमोर बसली. डोंगर आला. कळशी आली. झेंडूची फुलं. विटकरी चौकोन, आणि तिनं सुरू केलं: सतरा विसा तीनशे चाळीस, सतरा त्रिक... पंखा आला. बैल आला. मग निळं वर्तुळ आलं, आणि मन कोरं करायच्या आधीच त्या वर्तुळाची परात झाली. माहेरच्या अंगणातली पितळी परात. तिच्यात उभी राहिलेली सहा वर्षांची ईश्वरी, तांब्यानं पाणी घालणारी आई. खाली साठलेल्या त्याच पाण्यात मग धाकट्या भावाला उभं करायचं आणि उरेल त्यानं भांडी घासायची. सांडू नको गं, हलू नको, आई म्हणायची. ती हलायची नाही. बाहुली मात्र हलली.

फोननं बारीक टिंग केलं. पडदा निळा झाला.

पुन्हा बघायची गरज कुणालाच वाटली नाही. "बरोबर आहे ते," ईश्वरी म्हणाली. "मी 'हो'ला मत दिलं. आमच्याकडं पाणी नव्हतं, म्हणून दिलं. दुधात मी कधी काही केलेलं नाही."

"म्हणजे फ्रीझर कसा रिकामा झाला ते आता कळलं," विक्रांत म्हणाला. आवाज पुन्हा तसाच हळू. "आणि मी तुमच्यावर पोर सोपवून झोपत होतो."

"विक्रांतराव, ती माझीही भाची आहे."

"त्या जीपवर काठ्या वाजत होत्या तेव्हा तुम्ही कुणाच्या मामी होता?"

प्रणवनं एकदाच वर पाहिलं. मग ओवीला घेऊन तो जिन्याकडे गेला. त्याच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

"दे इकडं तो फोन," आत्या म्हणाल्या.

"आत्या, तुमचं काय मध्येच?" विक्रांत म्हणाला.

"दे म्हणते न्हवं! घरातल्या समद्यांची बघितलीस. माझी ऱ्हायलीय."

त्या केतकीच्या शेजारच्या बाकावर टेकल्या, पदर सारखा केला आणि फोटो काढायला बसावं तशा ताठ बसल्या. विक्रांतनं वैतागून फोन धरला. खोलीत आतल्या यंत्रांची टिकटिक तेवढी येत होती. मग टिंग झालं.

पडदा निळा होता.

"चुकलं ते," विक्रांत लगेच म्हणाला. "तुम्ही त्या दिवशी जीपमध्ये होता. ते झेंडे बघून भेदरला होता, म्हणून..."

"म्हंजे भिऊन बी फुलती व्हय बाहुली?"

विक्रांतनं फोन मागे घेतला.

"मग सुनेची कशानं फुलली ते तुला कसं ठावं?"

"ती स्वतःच्या तोंडानं सांगतेय, आत्या!"

"मग मला इचार की. माझ्या तोंडानं. मी कुठं मारलाय शिक्का ते इचार." आत्यांनी जावयाकडे पाहिलं, मग लेकीकडे. "इचार गं केतके."

कुणीच विचारलं नाही. विक्रांत फोन उलटसुलट करत राहिला. केतकी आईकडे अशी बघत होती, जणू ही बाई तिला आत्ताच कुणीतरी दाखवली असावी. ईश्वरीही बघत होती. त्या घरात चार वर्षं राहून, आत्या एकट्या असताना काय विचार करतात हे आपण एकदाही विचारलं नाही, हे तिच्या लक्षात आलं.

"अकरा महिने पाजलंय तुला," आत्या लेकीला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आता काय करतीस? ओकून टाकतीस?"

कक्षाच्या दारातून नर्सनं डोकं बाहेर काढलं. "चार वाजले. मॅडम विचारतायत, पावडर कालवू का?"

केतकीनं डोळे पुसले. शाल बाजूला केली आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभी राहिली. ईश्वरी पुढे झाली, पण तिनं हातानंच थांब म्हटलं.

"कागद कुठं आहे?"

"केतकी, विचार कर," विक्रांत म्हणाला. "लोक मला काय म्हणतील? मी कुठल्या तोंडानं..."

"सही आईची लागते," केतकी म्हणाली. "बाटली आण, वहिनी."

* * *

एवढ्या लहान बाळाला चोखता येत नाही. नाकातून पोटापर्यंत केसासारखी बारीक नळी सोडलेली असते. तिला सुईविना सिरिंज जोडायची, आत तीन मिली दूध ओतायचं आणि सिरिंज नुसती उंच धरून ठेवायची. ढकलायचं नाही. दूध आपल्या वजनानं, आपल्या वेळेनं उतरतं.

केतकीनं ती धरली होती. ईश्वरी तिच्या मागे, हात कंबरेला लावून, पडलीच तर सावरायला. दोघींच्या अंगावर निळसर गाऊन आणि तोंडाला पट्टी; फक्त डोळे दिसत होते. काचेपलीकडे विक्रांत उभा होता. त्यानं पाठ केली होती, पण तो गेला नव्हता. प्रणव खाली वाट बघतोय की ओवीला घेऊन घरी गेलाय, ईश्वरीला माहीत नव्हतं. घरी गेल्यावर दार उघडलं जाईल का, हेही नाही. तिची छाती भरून दुखत होती. ओवीची वेळ झाली होती.

पेटीतल्या मुलीनं मूठ उघडली आणि पुन्हा मिटली.

"वहिनी," केतकी नळीवरची नजर न हलवता पुटपुटली. "आईनं खरंच... का ती भ्यायली होती गं?"

"विचार की तिला."

दुधाची पांढरी रेघ सिरिंजमधून एक खूण खाली उतरली. मग दुसरी. केतकीनं मान हलवली.

"नको."

"बरं," ईश्वरी म्हणाली. "जरा वर धर. अजून. हात भरून आला तर सांग, मी धरते."